आधी हवा मोजा
जुन्या गाडीचा प्रेशर सेन्सर तपासण्याच्या हस्तपुस्तिकेची प्रस्तावना

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या गाडीचे बॉनेट उघडले, की इनटेक मॅनिफोल्डवर किंवा मागच्या फायरवॉलवर तळहातात मावेल अशी एक काळी डबी दिसते. तिला बहुधा तीन तारा जोडलेल्या असतात आणि बऱ्याच गाड्यांत एक बारीक रबरी नळीही. पूर्ण नाव मॅनिफोल्ड अ‍ॅब्सोल्यूट प्रेशर सेन्सर; गॅरेजात सगळे मॅप सेन्सर म्हणतात. मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब मोजायचा आणि तो व्होल्टेजच्या रूपाने इंजिनाच्या कंट्रोलरला, म्हणजे ईसीएमला, कळवायचा एवढेच त्याचे काम. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे मुख्यतः त्या आकड्यावरून ठरते. आकडा चुकला की गाडी काळा धूर सोडते, एव्हरेज पडते, सिग्नलला उभी असताना इंजिन बंद पडते, चढावर पिकअप मिळत नाही. अडचण अशी, की सेन्सर धडधाकट असतानाही हीच लक्षणे दिसतात. दोष सेन्सरचा आहे की दुसऱ्या कशाचा, हे सेन्सर बदलण्याआधी कसे ठरवायचे, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

‘बदलून बघू या’ हे गॅरेजातले नेहमीचे वाक्य आहे आणि ते गाडीवाल्याला फार महाग पडते. स्कॅनर लावला, प्रेशर सेन्सरचा कोड आला, सेन्सर बदलला, कोड पुसला. दोन दिवस गाडी बरी चालते, मग चेक इंजिनचा दिवा पुन्हा पेटतो. मग थ्रॉटल बॉडी साफ होते, प्लग बदलतात, ऑक्सिजन सेन्सरची पाळी येते आणि शेवटी ‘ईसीएम गेला’ असा निकाल लागतो. एवढा खर्च झाल्यावर मालक गाडी भंगारात काढायचा विचार करू लागतो. मूळ दोष मात्र तडकलेल्या नळीत, गंजलेल्या अर्थिंगमध्ये किंवा एक दात सरकलेल्या टायमिंग बेल्टमध्ये तसाच राहिलेला असतो. पुस्तिकेचे सांगणे थोडक्यात असे: सेन्सरला दोषी धरण्याआधी मोजमाप करा, आणि त्यातले पहिले मोजमाप आपण राहतो तिथल्या हवेचे असू द्या.

ही हवा येलहंकेची घेतली, त्याला कारण आहे. बेंगळुरूच्या उत्तरेकडचे हे उपनगर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. इथे वायुसेनेचा तळ आहे, १९८४ पासून चालणारा रेल्वेच्या चाकांचा आणि आसांचा कारखाना आहे, आणि नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे आहेत. त्यांतल्या अनेकांची जुनी गाडी महाराष्ट्रात घेतलेली असते. पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, तुमकुरू असा राष्ट्रीय महामार्ग ४८ चा रस्ता धरून ती इथे येते. मालकाच्या डोक्यातले आकडे तिकडचे असतात, सर्व्हिस मॅन्युअलमधला आदर्श आकडा बहुधा समुद्रसपाटीचा असतो आणि गाडी श्वास घेते ती येलहंकेची हवा. या तिन्हींची गल्लत झाली की चांगला सेन्सर वाईट ठरतो आणि वाईट सेन्सर सुटून जातो.

उंचीनुसार हवेचा दाब बदलतो, ही गोष्ट माणसाने मोजून पाहिली त्याला पावणेचारशे वर्षे झाली. इटलीत टॉरिचेलीने पाऱ्याच्या नळीचा प्रयोग केल्यानंतर थोड्याच वर्षांनी, १९ सप्टेंबर १६४८ रोजी, फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्लोरँ पेरिए पाऱ्याची नळी घेऊन प्युइ द डोम या डोंगरावर चढला. तळाशी एक नळी तशीच ठेवून दिलेली होती. सुमारे हजार मीटर चढल्यावर वरच्या नळीतला पारा तीन इंचांहून थोडा अधिक उतरला. तळाच्या नळीतला हलला नव्हता. मुंबईहून निघून येलहंकेला पोचणारी गाडी जवळजवळ तेवढीच उंची चढते आणि तिच्या मॅप सेन्सरवरचा हवेचा दाबही पाऱ्याच्या सुमारे तीन इंचांनी उतरतो. पेरिएने एक नळी तळाशी ठेवली ती तुलनेसाठी. दोन मोजमापे शेजारी ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, ही त्याची शिस्त गॅरेजात आणण्याचा प्रयत्न या पुस्तिकेत आहे.

पाऱ्याच्या नळीपासून सिलिकॉनच्या चकतीपर्यंतचा प्रवास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. ताण दिला की धातूच्या तारेचा विद्युतरोध बदलतो, हे १८५६ मध्ये लॉर्ड केल्व्हिनने दाखवले. सिलिकॉन आणि जर्मेनियममध्ये हा बदल कितीतरी पटींनी मोठा असतो, असे अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चार्ल्स स्मिथने १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. आजच्या मॅप सेन्सरच्या पोटात हाच गुण कामाला येतो. सिलिकॉनचा एक अतिपातळ पडदा, त्याच्या एका बाजूला कायमची सीलबंद पोकळी आणि दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डची हवा. हवेच्या दाबाने पडदा वाकतो, त्यावर कोरलेल्या रोधांची किंमत बदलते आणि तो फरक वाढवून व्होल्टेज म्हणून बाहेर येतो. मोजणी पोकळीपासून, म्हणजे शून्यापासून होते. म्हणून त्या दाबाला अ‍ॅब्सोल्यूट म्हणायचे.

मोटारीत मॅनिफोल्डच्या दाबावरून पेट्रोल मोजण्याची इलेक्ट्रॉनिक पद्धत मोठ्या प्रमाणावर आणली ती बॉशने. १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० गाडीत आलेल्या त्यांच्या डी-जेट्रॉनिक यंत्रणेत सिलिकॉन नव्हते. दाबानुसार फुगणाऱ्या-आकसणाऱ्या धातूच्या डब्या होत्या. विमानातल्या उंचीमापकातही अशाच डब्या असत. हीच बॉश आपल्याकडे कित्येक वर्षे मायको नावाने ओळखली गेली: आधी बेंगळुरूत आणि पुढे नाशकात.

आपल्या रस्त्यांवर हा सेन्सर घरोघरी पोचला तो प्रदूषणाच्या नियमांमुळे. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी क्षेत्रासाठी युरो नियमांच्या तारखा ठरवून दिल्या आणि १ एप्रिल २००० पासून ‘इंडिया २०००’ हे नियम देशभर लागू झाले. कार्ब्युरेटर मागे पडला, एमपीएफआय, म्हणजे मल्टी-पॉइंट फ्युएल इंजेक्शन, हे नाव घरात बोलले जाऊ लागले. १९९८ मध्ये आलेली सँट्रो पहिल्यापासून इंजेक्शनची होती. मारुती ८०० ला इंजेक्शन मिळाले आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या काळातल्या गाड्या म्हणजे आजची ‘जुनी गाडी’. पंधरा वर्षांनी तिची नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते आणि ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. पीयूसीत भारत स्टेज-२ आणि ३ च्या पेट्रोल गाडीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, स्टेज-४ ला ०.३ टक्क्यांच्या आत. मॅप सेन्सर दाब वाढवून सांगत असेल, तर पेट्रोल जास्त जाते आणि गाडी याच परीक्षेत नापास होते. अशा गाड्यांचा सांभाळ करणाऱ्यांसाठी ही पुस्तिका लिहिली आहे.

आता इंजिनाच्या आत काय घडते ते पाहू. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, पण आयडलिंगला थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. शहाळ्यात घातलेली नळी चिमटीत धरून पाणी ओढले तर नळी आत खेचली जाते. मॅनिफोल्डमध्ये तशीच ओढ तयार होते. गरम झालेल्या निरोगी इंजिनाचा दाब आयडलिंगला साधारण ३० ते ४० किलोपास्कल असतो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की झडप उघडते आणि तोच दाब बाहेरच्या हवेच्या जवळ जातो. दाब, हवेचे तापमान आणि इंजिनाचा वेग कळला की सिलिंडरमध्ये किती हवा गेली याचा हिशेब ईसीएम मांडतो आणि हवेच्या साधारण १४.७ भागांना पेट्रोलचा एक भाग या प्रमाणात इंजेक्टर उघडतो. काही गाड्यांत हवा थेट मोजणारा वेगळा सेन्सर असतो. त्या इथे घेतलेल्या नाहीत.

इंजिन बंद असताना मात्र ओढ नसते. चावी फिरवून फक्त इग्निशन चालू केले, की मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा शांत भरलेली असते आणि सेन्सरने तिचाच दाब सांगायला हवा. जगातली सगळ्यात स्वस्त कसोटी हीच. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. पुण्यात तो ९५ च्या आसपास, बेळगावात ९३ च्या जवळ, महाबळेश्वरला ८६ आणि येलहंकेत ९१. पहिल्या हजार मीटरांपर्यंत दर नव्वद मीटरांना साधारण एक किलोपास्कल उतरतो, एवढे लक्षात ठेवले तर आपल्या गावाचा आकडा कोणालाही काढता येतो. दिवसभरात आणि ऋतूंनुसार तो थोडा खालीवर होतो, पण तो फरक सहसा एका किलोपास्कलच्या आतला. येलहंकेत इंजिन बंद असताना सेन्सर १०१ दाखवत असेल आणि मॅन्युअलशी जुळतो म्हणून त्याला पास केले, तर आपण बिघडलेला सेन्सर पास केला. तो ९१ दाखवतो म्हणून काढून टाकला, तर चांगला सेन्सर टाकून दिला.

इथे एक सापळा आहे. फोनवरच्या हवामानाच्या अ‍ॅपमध्ये बेंगळुरूचा दाब १०१२ किंवा १०१४ हेक्टोपास्कल असा दिसतो, म्हणजे १०१ किलोपास्कल. तो आकडा खोटा नाही, पण तो आपल्या अंगणातला नाही. वेगवेगळ्या उंचीवरच्या ठिकाणांची तुलना करता यावी म्हणून हवामानशास्त्रात सगळे दाब समुद्रसपाटीवर आणून सांगतात. विमानतळावरून वैमानिकाला दिला जाणारा दाबही असाच समुद्रसपाटीशी जुळवलेला असतो; उंचीमापकाला तो लावला की धावपट्टीची खरी उंची दिसते. १९९६ पासून एअरो इंडिया या हवाई प्रदर्शनाच्या निमित्ताने येलहंकेच्या तळावर उतरलेल्या विमानांनी हाच हिशेब पाळला आहे. गाडीला समुद्रसपाटी ठाऊक नसते, तिला प्रत्यक्ष दाब लागतो. अनेक फोनांत दाब मोजणारी चिप असते. तिचा दुरुस्ती न केलेला आकडा दाखवणारे अ‍ॅप वापरले, तर येलहंकेत तो ९१० हेक्टोपास्कलच्या जवळ येतो. मग पेरिएसारखी दोन मोजमापे आपल्या हातात असतात: एक फोनचे, एक सेन्सरचे.

सुझुकीच्या जुन्या सर्व्हिस मॅन्युअलांत ही जाणीव ठेवलेली दिसते. त्यांत मॅप सेन्सरच्या व्होल्टेजचे कोष्टक उंचीनुसार दिलेले असते. ० ते ६१० मीटर उंचीला ३.३ ते ४.३ व्होल्ट, ६११ ते १५२४ मीटरला ३.० ते ४.१ व्होल्ट, त्याच्या वर आणखी कमी. पुणे पहिल्या ओळीत बसते. बेळगाव आणि येलहंका दुसऱ्या ओळीत. म्हणजे मारुतीची गाडी तीच, सेन्सर तोच, पण राहते घर बदलले की वाचायची ओळ बदलते. याच मॅन्युअलांत सेन्सर गाडीबाहेर तपासण्याची एक सोपी रीत आहे. दीड व्होल्टचे तीन नवे सेल एकापुढे एक जोडायचे, म्हणजे साडेचार ते पाच व्होल्ट मिळतात. ते सेन्सरच्या पुरवठ्याच्या आणि अर्थच्या टर्मिनलला द्यायचे, सिग्नलचे व्होल्टेज वाचायचे, मग हातपंपाने पाऱ्याच्या ४०० मिलिमीटरपर्यंत व्हॅक्यूम देऊन व्होल्टेज उतरते का ते पाहायचे. महागडे यंत्र लागत नाही. एक डिजिटल मल्टिमीटर, एक व्हॅक्यूम हातपंप आणि तीन सेल पुरतात.

या हातपंपाच्या काट्याबाबतही जागेचे भान हवे. ४०० मिलिमीटर म्हणजे ५३ किलोपास्कल. येलहंकेच्या ९१ मधून ते वजा केले की ३८ उरतात, म्हणजे जवळजवळ आयडलिंगचा दाब. मुंबईत तोच काटा ४८ वर आणून सोडतो. मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावले तरी तीच गोष्ट. समुद्रकाठी चांगले इंजिन १८ ते २१ इंच दाखवते, इथे तेच इंजिन साधारण तीन इंच कमी दाखवते. गेज सोळावर थांबले म्हणून येलहंकेत कोणी रिंग-पिस्टनचे काम काढू नये.

कोष्टकातली व्होल्टेजची पट्टी रुंद आहे, त्यामुळे एका बिंदूवरची परीक्षा पुरेशी नसते. सेन्सर चुकतो तो बहुधा मधल्या टप्प्यात किंवा गरम झाल्यावर. म्हणून पंपाने व्हॅक्यूम थोडे थोडे वाढवत नेऊन प्रत्येक पायरीला व्होल्टेज लिहायचे. समान पायरीला समान घट दिसली पाहिजे, पंप धरून ठेवला की आकडा स्थिर राहिला पाहिजे, सोडला की मूळ जागी परतला पाहिजे. घसरण कुठे अडखळते, कुठे उडी मारते, ते कागदावर लगेच उघडे पडते. कपलर हलवून पाहणे आणि सेन्सर गरम असताना हीच चाचणी पुन्हा करणे, ही याचीच पुढची पावले.

येलहंकेच्या रहिवाशाला आणखी एक प्रयोगशाळा फुकट मिळाली आहे. बल्लारी रस्त्याने उत्तरेला गेले की नंदी हिल्स लागते, उंची साधारण १४७८ मीटर. तिथे हवेचा दाब ८५ किलोपास्कलच्या आसपास असतो. ज्या गाडीला स्कॅनर जोडता येतो तिचा इंजिन बंद असतानाचा आकडा घरी लिहून घ्या, वर पोचल्यावर गाडी बंद करून थोडे थांबा, चावी फिरवा आणि पुन्हा वाचा. निरोगी सेन्सर पाच-सहा किलोपास्कलची उतरण दाखवतो. ज्याचा आकडा घाटात हललाच नाही, त्याच्यावर संशय घ्यायला आता पुरावा आहे. सातारच्या माणसाने हाच प्रयोग महाबळेश्वरला करावा.

आता कोडविषयी, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. पी ०१०७ म्हणजे सिग्नलचे व्होल्टेज फार कमी, पी ०१०८ म्हणजे फार जास्त, पी ०१०६ म्हणजे आकडा मर्यादेत आहे पण बाकीच्या आकड्यांशी जुळत नाही. यांतला एकही कोड ‘सेन्सर बदला’ असे सांगत नाही. पाच व्होल्टचा पुरवठा तुटला तरी पी ०१०७ येतो. आणि हा पुरवठा बऱ्याच गाड्यांत थ्रॉटल पोझिशन सेन्सरलाही जातो, त्यामुळे शेजाऱ्याच्या शॉर्टचा आळ मॅपवर येतो. अर्थची तार गंजली की सिग्नल वर सरकतो, ईसीएमला इंजिनावर ओझे वाढल्यासारखे वाटते आणि तो पेट्रोल वाढवतो. नळी निघाली किंवा तडकली की सेन्सर बाहेरची हवा वाचतो आणि आयडलिंगलाही जणू अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला आहे असा निरोप जातो. तिन्ही ठिकाणी सेन्सर निर्दोष आहे. शिवाय ओबीडीची, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवण्याच्या यंत्रणेची, सक्ती भारत स्टेज-४ बरोबर २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीच्या कित्येक गाड्यांना बाजारातला स्वस्त स्कॅनर जुळतच नाही. तिथे मल्टिमीटर हेच मुख्य हत्यार.

सगळ्यात मोठा अन्याय होतो तो सेन्सर खरे बोलतो तेव्हा. टायमिंग बेल्ट एक दात सरकला, की व्हॉल्व्ह उशिरा उघडतात आणि आयडलिंगचा दाब ३५ च्या जागी ४५-५० वर जातो. एखाद्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेले, इनटेक गॅस्केट हवा ओढू लागले, ईजीआर व्हॉल्व्ह उघडा राहिला किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला, तरी दाब चढतो. सेन्सर तो चढलेला दाब प्रामाणिकपणे सांगतो आणि बदलला जातो तोच. नवा सेन्सरही तेच सांगतो. म्हणून इंजिन बंद असताना ९१ आणि हातपंपावर सरळ उतरण, अशा दोन्ही परीक्षा जो सेन्सर पास झाला, त्याने आयडलिंगला ५० सांगितले तर तपास इंजिनाकडे वळवायचा. कॉम्प्रेशन, टायमिंगच्या खुणा, सायलेन्सरकडची वाट, या क्रमाने. सेन्सरची चाचणी म्हणजे एका सुट्या भागाची चाचणी असे समजू नये. एका भागावर विश्वास बसला की त्याच्या डोळ्यांनी सगळे इंजिन दिसू लागते.

पुस्तिकेतला क्रम यातूनच ठरला आहे. आधी डोळ्यांनी: नळीच्या टोकांच्या चिरा, नळीत साचलेले तेल, कपलरच्या पिनांवरचा हिरवा थर, सेन्सर मॅनिफोल्डच्या तोंडापेक्षा वर आणि नळी उतरती आहे का. मग पुरवठा आणि अर्थ. मग इंजिन बंद ठेवून गावच्या हवेशी तुलना. मग हातपंप. त्यानंतर इंजिन सुरू करून आयडलिंग आणि झटक्याने दिलेली रेस. बदलणे अगदी शेवटी, तेही पार्ट नंबर जुळवून. बेंगळुरूच्या जे. सी. रोडवर नवा मिळो की तिथल्याच शिवाजीनगरच्या गुजरी बाजारात जुना, कपलर बसतो म्हणून सेन्सर चालतो असे होत नाही. आतली मोजपट्टी वेगळी असली तर ईसीएम प्रत्येक आकडा चुकीचा वाचेल. आणलेला सेन्सर गाडीवर चढवण्याआधी त्याच तीन सेलवर तपासावा. सेन्सरच्या तारांवर १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प कधीही लावू नये, तारेला सुई टोचू नये, आणि चालत्या इंजिनाजवळ ओढणी, सैल बाही आणि मोकळे केस आवरूनच वाकावे. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो.

एक प्रकरण मुद्दाम वेगळे ठेवले आहे: ऑइल प्रेशरचे. जुन्या गाड्यांत तो बहुतेक वेळा सेन्सर नसून साधा स्विच असतो. तेलाचा दाब साधारण अर्ध्या बारच्या खाली गेला की डॅशबोर्डवरचा लाल दिवा लावणारा. तिथेही ‘स्विच खराब असेल’ असे म्हणून गाडी चालवत राहणारे खूप आहेत. मॅप सेन्सरच्या बाबतीत घाईने पैसे वाया जातात, इथे चालढकलीने इंजिन जाते. लाल दिवा चालत्या गाडीत पेटला की बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करायचे. तेलाची पातळी पाहायची. मग स्विच काढून त्या जागी यांत्रिक गेज लावायचे आणि दाब प्रत्यक्ष वाचायचा. गेजवर दाब भरपूर असेल तरच स्विच किंवा तार दोषी. दाब नसेल तर दिव्याने आपले इंजिन वाचवले आहे. तत्त्व तेच: सांगणाऱ्यावर शंका आली तर त्याच जागी दुसऱ्या, स्वतंत्र साधनाने मोजा.

हे सगळे मराठीत लिहिण्याची गरज होती. इंजिनाच्या तपासावरचे साहित्य बहुतेक इंग्रजीत आहे आणि ज्याच्या हाताला ग्रीस लागते त्याच्यापर्यंत ते तुकड्यातुकड्यांनीच पोचते. निपाणी, बेळगाव, कोल्हापूरकडून येऊन बेंगळुरूच्या गॅरेजांत काम करणाऱ्या मुलांना गाडीची समज कमी नाही. ते कानाने मिसिंग ओळखतात, एक्झॉस्टचा वास घेऊन मिश्रण सांगतात. त्यांच्या त्या समजेला आकड्यांची जोड मिळावी, ही मनापासूनची इच्छा आहे. ज्या मेकॅनिकांनी आणि ऑटो इलेक्ट्रिशियनांनी काम थांबवून गेज लावून दाखवले, जुने खराब सेन्सर फेकून न देता तपासायला ठेवले, त्यांच्याशिवाय यातले एकही पान झाले नसते.

मालकांनाही एक सांगणे आहे, आणि ते स्पष्टच सांगतो. ‘बदलून बघू या’ ही सवय एकट्या मेकॅनिकची नाही. आपण पार्टचे पैसे बिनबोभाट देतो, कारण पार्ट दिसतो, त्याला खोका असतो, बिल असते. पण अर्धा तास मल्टिमीटर घेऊन वाकलेल्या माणसाने ‘सेन्सर चांगला आहे’ असे सांगितले, की ‘मग पैसे कसले?’ असे विचारतो. ज्या व्यवहारात शोधण्याला मोल नाही आणि बदलण्याला आहे, तिथे बदलणेच वाढणार. त्यात भला मेकॅनिकही अडकतो, कारण त्यालाही संध्याकाळी घरी काहीतरी न्यायचे असते.

म्हणून गॅरेजवाल्यांनी आपल्या जागेचा हवेचा दाब भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहावा आणि तपासलेल्या प्रत्येक सेन्सरचे आकडे वहीत ठेवावेत. गाडीवाल्यांनी त्या वहीतले आपले पान मागून घ्यावे, पुढच्या वेळी बरोबर आणावे. सेन्सर तपासून निर्दोष ठरवणे आणि तो पुन्हा जागेवर बसवणे ही पुरी दुरुस्ती आहे. तिची मजुरी कुरकुर न करता, पूर्ण दिली पाहिजे.